लाईट गेल्यावर ऐकू आलेलं गाणं

आमच्या कारखान्यातले कापडाचे माग भंगारवाल्याने उचलून नेले, तेव्हा खाली नुसती जमीन उरली आणि मागांचे पाय जिथे रोवलेले होते तिथे चौकोनी खड्डे. मी वरच्या मजल्यावर राहते. यजमान गेल्यावर काही दिवस मी एकटीने माग चालवून पाहिले, मग ते जमेना. नारपोलीतल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंचे कारखाने मात्र अजून चालू आहेत. त्यामुळे माझ्या घरातले माग बंद झाले तरी आवाज काही बंद झाला नाही. चहाची बशी अजूनही टेबलावर हलते.

एका दुपारी माझी भाची, म्हणजे मोठ्या भावाची मुलगी, कशेळीहून आली. ती वडप्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. लहानपणी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. आता केस एका बाजूने अगदी बारीक कापलेले आणि खांद्याला गिटार. खाली जाऊन तिने रिकामा कारखाना पाहिला, टाळी वाजवून आवाज कसा फिरतो ते पाहिलं आणि वर येऊन म्हणाली, "आत्या, खालची जागा एक दिवस देशील?"

मला वाटलं कोणाची तरी हळद असेल.

"शो करायचाय," ती म्हणाली. "आमच्या बँडचा. पंक."

पंक म्हणजे काय ते मी विचारलं. ती बराच वेळ सांगत राहिली. जोरात असतं, भराभर असतं, गाणी छोटी असतात. कोणी बोलावेल याची वाट बघायची नाही, जागा आपणच शोधायची, पोस्टर आपणच काढायचं. मला त्यातलं थोडंच कळलं, पण ऐकायला मजा वाटत होती. तिला एवढं सलग बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"शुक्रवारी ठेवू का?" तिने विचारलं. "शुक्रवारी गल्ली शांत असते ना?"

"म्हणूनच नको," मी म्हटलं. "शुक्रवारी मागांना सुट्टी. कोणी नमाजाला जातं, कोणी झोपतं, माणसं घरी असतात. तू तोंड उघडलंस की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. रविवारी ठेव. रविवारी तुमच्या लोकांना सुट्टी असते, आमच्या गल्लीला नसते. दोन्हीकडचे माग चालू असले की तू काय पण ओरड, शेजारच्या भिंतीला पत्ता लागायचा नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. ठाण्यातल्या एका हॉटेलात म्हणे दोन गाण्यांनंतर मालकाने स्वतः येऊन वायर काढली होती. कल्याणला एका सोसायटीच्या हॉलमध्ये खालून माणूस काठी घेऊन आला होता. आवाज करायला कोणी चांगला दिवस सुचवतंय, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

रविवारी सकाळी ती आणि तिचे दोन मित्र टेम्पो घेऊन आले. एक ड्रम वाजवणारा आणि जाड तारांची मोठी गिटार वाजवणारी एक मुलगी. त्यांनी खड्डे रेतीने भरले. गोडाऊनमधली मोडकी लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या चौकटी, मागून आणली होती, ती जोडून हातभर उंचीचं स्टेज केलं. स्पीकर हळदीला डीजे लावणाऱ्या एका ओळखीच्याचे होते, त्यांच्यावर अजून झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

दुपारपर्यंत पोरं जमायला लागली. ठाणे, कल्याण, डोंबिवली. पंचवीसएक असतील. माझ्या भाचीने दाराशी एका खोक्यात छोटी छोटी पुस्तकं ठेवली होती, तळहाताएवढी. एका मोठ्या कागदाची झेरॉक्स काढायची, मधोमध एक काप द्यायचा आणि दुमडत न्यायचं, की आठ पानं होतात. त्याला झीन म्हणतात.

"मासिक आहे का हे?" मी विचारलं.

"मासिक म्हटलं की दर महिन्याला काढावं लागेल. हे जमेल तेव्हा."

मी चष्मा लावून वाचलं. एका पानावर कल्याण स्टेशनवरून आमच्या गल्लीत कसं यायचं ते होतं, रिक्षावाल्याला काय सांगायचं यासकट. एका पानावर पार्सलच्या क्रेटमध्ये झोपलेल्या मांजरीचं चित्र. एका पानावर कोणीतरी, गोडाऊनमध्ये बायकांचा संडास किती लांब आहे आणि तिथे जाऊन यायला ब्रेक कसा पुरत नाही, हे फार चिडून लिहिलं होतं. कोणाचंच नाव नव्हतं. असं छापायला कोणी परवानगी दिली, असं मी विचारणार होते. मग लक्षात आलं की परवानगी मागायला कोणी नव्हतंच.

शो सुरू झाला तेव्हा मी जिन्याजवळ स्टूल घेऊन बसले. आवाजाची मला भीती नव्हती, जन्म आवाजात गेला. पण हा आवाज वेगळा होता. मागाचा आवाज एकसारखा असतो, अर्ध्या तासात कान तो विसरून जातात. हा विसरू देत नव्हता. पोरं एकमेकांच्या अंगावर आदळत होती. मला आधी वाटलं भांडण लागलं. मग एक मुलगी पडली आणि तिच्याभोवतीच्या सगळ्यांनी एकदम थांबून तिला उचललं, तिची चप्पल शोधून दिली आणि पुन्हा आदळायला लागले. म्हणजे याला काहीतरी नियम होते. मी ते शोधत बसले.

आणि माझी भाची किंचाळत होती. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे मिटलेले. काय म्हणते आहे ते एक अक्षर कळत नव्हतं. इंग्लिश असणार असं मी धरून चालले. शाळा इंग्लिश, ऑफिस इंग्लिश, मग राग तरी दुसऱ्या कशात येणार.

चौथ्या की पाचव्या गाण्याच्या मध्येच लाईट गेली.

गिटार मेली, माईक मेला, पंखा हळू झाला. पण कानात काहीतरी आणखी मोठं घडलं होतं आणि ते काय हे कळायला मला जरा वेळ लागला. दोन्हीकडचे माग थांबले होते. सगळी गल्ली गप्प. त्या शांततेत ड्रमवाला वाजवत राहिला आणि भाची थांबली नाही. माईक खाली ठेवून ती तशीच गात राहिली, उघड्या गळ्याने. आता शब्द ऐकू आले.

"आज्याचे शेतान जावाला मना गेटपास लागतं."

इंग्लिश नव्हतं. शाळेच्या मराठीतही नव्हतं. माझे वडील जसे बोलायचे, तसं होतं. आमच्या घरात आता कोणी तसं बोलत नाही, भाऊ सोडला तर. आणि तोही फक्त माझ्याशी. ती एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्यातला आजा म्हणजे माझे वडील, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. वडप्याला आमची भातशेती होती. भावाने ती विकली, तिथे गोडाऊन झालं. ती ज्या गोडाऊनमध्ये कामाला जाते ते त्याच ओळीतलं, एवढं मला माहीत होतं. पण ते नेमकं आमच्याच जमिनीवरचं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

लाईट गेली की आमच्या गल्लीतले कारागीर बाहेर येऊन पायऱ्यांवर बसतात. त्या दिवशीही आले, आणि हा आवाज कुठून येतो ते बघायला आमच्या दारात येऊन उभे राहिले. बनियन, लुंगी, केसांत कापसाचा भुसा. त्यातले एक वयस्कर गृहस्थ शेजारच्या कारखान्यात बऱ्याच वर्षांपासून आहेत, मला चाची म्हणतात. गाणं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "चाची, ये बिटिया किस पे गुस्सा है?"

मी म्हटलं, "उसी से पूछो."

त्यांनी विचारलं. भाचीने घाम पुसत त्यांना हिंदीत सांगितलं, की आजोबांचं शेत होतं, तिथे आता गोडाऊन आहे, मी तिथेच नोकरी करते, आणि आत जायचं तर गळ्यात पास लागतो.

"खेत बेचा किसने?"

"पापा ने."

"पापा को सुनाया ये गाना?"

भाचीने खाली ठेवलेला माईक उचलला. मग म्हणाली, "नहीं."

त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, एक माहिती मिळाल्यासारखी हलवली. मग त्यांनी ड्रमला हात लावून पाहिला, ड्रमवाल्याने त्यांना काठी दिली, त्यांनी एक ठोका दिला आणि त्यांचे सोबती हसले. तेवढ्यात लाईट आली. "चलो," म्हणत सगळे गेले आणि मिनिटभरात गल्ली पुन्हा खडखडायला लागली. उरलेली गाणी झाली, पोरं पुन्हा आदळली, पण भाचीचे डोळे आता उघडे होते.

सगळे गेल्यावर ती पॅलेटवर बसून वायरी गुंडाळत होती. मी चहा घेऊन खाली गेले.

"बाबांचा राग येतो का तुला?" मी विचारलं.

"ते मलापण नीट कळत नाही," ती म्हणाली. "विकली नसती तर मी काय भात लावणार होते? पण सकाळी गेटवर उभी राहते ना, तेव्हा काहीतरी होतं." मग वायर बाजूला ठेवून म्हणाली, "आत्या, तिथे होतं तरी काय? मी पाहिलंच नाही कधी. मला फक्त शेत हा शब्द माहितीय."

मग मी सांगत बसले. पाऊस लागला की बांधावरच्या बिळांतून मुठे निघायचे, ते काळे खेकडे, आणि तिचा बाप, माझा दादा, ते उघड्या हाताने धरायचा. मला भीती वाटायची म्हणून मी टोपली धरायची. ओढ्याकडच्या बाजूला पाणी साचायचं, तिथलं भात उशिरा तयार व्हायचं. दुपारी आई भाकरी घेऊन यायची ती कुठल्या झाडाखाली बसायची, ते मला आठवेना. भाचीने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. मी एवढी बोलू शकते हे मलाच नवीन होतं.

पुढच्या झीनमध्ये ते एका पानावर आलं, माझ्याच शब्दांत, आणि समोरच्या पानावर तिचं गाणं. ते छोटं पुस्तक तिने कशेळीच्या घरी फ्रिजवर ठेवलं. मुद्दाम ठेवलं की राहिलं, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली. मग म्हणाला, "बाय, मुठ्यांचं बराबर सांगतलंस. पन पोरीचं गानं चुकलं."

मी मनात म्हटलं, आता हा चिडणार.

"ती जिथं उभी रवतं, त्या गेटवर, त्ये शेत न्हाय. तिथं आपलं खलं व्हतं. बाबा भात झोडायचे थं. शेत त्याचे पलीकडं."

"मग तिला सांग," मी म्हटलं.

"तूच सांग."

"मी नाही सांगणार. गाणं तिचं आहे, खळं तुझ्या लक्षात आहे."

पुढच्या शोला तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांच्या आधी. पोरं त्याला काका म्हणाली, एकाने खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही. भाची त्याला बघून गिटारच्या खुंट्या पिळत बसली. तो तिच्या शेजारी पॅलेटवर जाऊन बसला. दोन्हीकडचे माग चालू होते, त्यामुळे तो तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. मधेच त्याने बोटाने रेतीवर काहीतरी काढलं, एक चौकोन, त्याच्या बाजूला लांब रेघ. तिने काहीतरी विचारलं. त्याने चौकोन पुसून थोडा सरकवून काढला. मग तिने बोट ठेवून विचारलं आणि त्याने मान हलवली.

त्या दिवशी लाईट गेली नाही. ती गायली तेव्हा मला नेहमीसारखेच शब्द काही ऐकू आले नाहीत. पण नंतर तिने सांगितलं की ओळ बदलली आहे. आता ती "आज्याचे खल्यान उभं रवाला" असं म्हणते. दादा पूर्ण वेळ दाराजवळ उभा होता, एका कानात बोट, दुसरा उघडा. पोरं आदळायला लागली तसा तो एकदा पुढे सरकला. त्यालाही भांडण वाटलं असणार. मी हाताने खूण केली की असंच असतं.

शो संपल्यावर मी त्याला विचारलं, कसं वाटलं.

"वराडते लय," तो म्हणाला. मग कान चोळत म्हणाला, "बाबापन असेच वराडायचे, पाखरां हाकलताना."

मग त्याने ड्रमवाल्याला विचारलं की एवढं सामान दरवेळी टेम्पोने आणता कशाला, इथेच ठेवा. जागा माझी होती, पण मी काही म्हटलं नाही. ड्रम आता खाली कोपऱ्यात असतो, त्याच्यावर मी जुनी चादर घालते. पुढचा शो कधी, ते अजून ठरायचं आहे.