तात्यांची पट्टी

काकीचा फोन आला तेव्हा मशीन चालू होतं. सागवानाच्या फळीत एका झाकणाचा गोल निम्मा कोरून झाला होता आणि मी भुसा झटकत उभी होते. तात्या दोन दिवस दवाखान्यात होते, दम लागत होता. पण आदल्या संध्याकाळी त्यांनीच मला हाकललं होतं. इथं बसून माझी नाडी काय मोजतीस, जा, त्या फौंड्रीवाल्याचा पॅटर्न काढ, म्हणाले. काकी एवढंच बोलली, "तात्या गेले गं..." मी लाल बटण दाबलं. गोल तसाच अर्धा राहिला.

त्याला आता पाच आठवडे झाले. रडून झालंय. आता जे आठवतंय त्यात हसूच जास्त आहे, म्हणून लिहायला बसले.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमच्या गडमुडशिंगी गावाहून रोज सायकलनं कारखान्यांच्या उद्यमनगरात जाऊन त्यांनी चाळीस वर्षं पॅटर्न केले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवावा लागतो, आणि त्यासाठी जो लाकडी नमुना लागतो तो पॅटर्न. तात्या सातवी पास. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही मेकॅनिकलची, आणि हे मी अजूनही छाती काढून सांगते. निकालादिवशी तात्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'इंजिनेरबाई' म्हणायला लागले. चहात साखर जास्त झाली तर काकीला विचारायचे, इंजिनेरबाईंनी माप घेतलंतं काय आज?

मग त्यांचा हात थरथरायला लागला. पटाशी धरली की टोक नाचायचं. एकदा एका पॅटर्नची कड उडाली आणि त्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी बंद करून कॉटखाली सारली. कुणी विचारलं तर म्हणायचे, डोळं दमल्यात. डोळे ठणठणीत होते. मला ते बघवेना. म्हणून मी सुटे भाग मागवून एक छोटं सीएनसी मशीन जुळवायला घेतलं. टेबलावर मावणारं, संगणक सांगेल त्या वाटेनं कटर फिरवणारं. मांडलं जुन्या गोठ्यात. तात्या दोन दिवस दारातच उभे राहिले, तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन आत आले. त्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या फौंड्रीनं एका पुलीचा पॅटर्न मागितला आणि मला न विचारता तात्या हो म्हणून बसले. तो जमला तर पेटी उघडी राहणार होती. नाही तर परत कॉटखाली, आणि या वेळी कायमची... हे दोघांनाही माहीत होतं.

मशीन उभं करणं सोपं निघालं. अवघड होतं ते डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं आणि त्याचं जमवणं. सॉफ्टवेअर चित्रावरून कटरची वाट काढतं आणि ती आज्ञांच्या ओळींत लिहून देतं. पण त्या ओळी मोठ्या कारखान्यातल्या मशीनच्या. त्यात आपोआप कटर बदलायची आज्ञा. आमच्याकडं कटर बदलायला तात्या. आमचं मशीन अशा ओळीशी आलं की अडून बसायचं. या ओळी कशा लिहायच्या ते ठरवणारी एक छोटी फाइल असते, तिला पोस्ट म्हणतात. ती उघडून मी मशीनला न कळणारी एकेक आज्ञा काढत गेले. मी चिडले की तात्या स्टुलावरून म्हणायचे, पावण्याला आपलं बोलणं कळंना तर ओरडून काय उपेग, सोपं करून सांग की.

शेवटी एका दुपारी चाचणीची पहिली पुली कोरून निघाली. मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. दोनशे मिलिमीटरच्या जागी दोनशे दोन. तात्यांनी पेटीतली पोलादी पट्टी काढून लावली आणि म्हणाले, "दोनशे. बरोबर हाय की."

पुढचे चार दिवस आमचं तेच. मी म्हणायची चुकलंय, ते म्हणायचे बरोबर आहे. मी पोस्टमधली ओळ न् ओळ तपासली, कटरची जाडी तीनदा मोजली. तुमच्या पट्टीला चष्मा लावा, असंही बोलून गेले. तुझ्या कॉलेजानं पट्टी दावली हुती का नुसतं चित्र, हे त्यांचं उत्तर. काकीनं दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत वाढली.

पाचव्या दिवशी तात्यांनी शांतपणे विचारलं, "मशीनला मिलिमीटर शिकवलास कशानं?"

"तुमच्याच पट्टीनं," मी म्हटलं. मोटर किती फिरली की कटर किती सरकतो, हे सुरुवातीला मोजून द्यावं लागतं. ते मी त्यांच्या पट्टीवर मोजलं होतं, आणि ती पट्टी त्यांनीच हातात दिली होती.

तात्यांनी माझी कॉलेजातली पट्टी मागितली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. त्यांच्या दोनशेची रेघ माझ्या दोनशे दोनवर आली. मग ते जे हसायला लागले ते काकी पाणी घेऊन धावत येईपर्यंत. ती पॅटर्नवाल्यांची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभरात एक एवढं आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर तेवढ्यानं मोठा असतो. आकसणं मला पुस्तकातून पाठ होतं. तसली पट्टी कधी पाहिली नव्हती. आणि चाळीस वर्षांत तात्यांच्या हाताला दुसरा मिलिमीटरच ठाऊक नव्हता.

"ती पुली टाकू नगं," डोळे पुसत ते म्हणाले. "तू आकस धरायची इसरलीस, मशीननं धरला."

खरंच होतं. चाचणीचा तुकडा म्हणून मी चित्रात आकस, म्हणजे आकसण्यापुरती वाढ, धरलाच नव्हता. तोच पॅटर्न तात्यांनी पॉलिश पेपरनं घासला (पॉलिश पेपरला थरथर चालती, म्हणाले) आणि फौंड्रीत दिला. ओतून आलेल्या पुलीला मी व्हर्नियर लावला. दोनशे. पेटी गोठ्यातच राहिली.

नंतर मी मशीन खऱ्या मिलिमीटरवर आणलं आणि दुसरी एक पोस्ट लिहिली, सगळं शंभरात एकानं वाढवणारी. तिला नाव दिलं 'तात्या'. साधं काम असलं की नेहमीची पोस्ट निवडायची, ओतकाम असलं की तात्या. त्यांना ते इतकं आवडलं की रोज सकाळी गोठ्यात आल्या आल्या विचारायचे, "आज मी, का दुसरा?"

गेल्या आठवड्यात फौंड्रीचा फोन आला. त्या झाकणाची घाई नाही, सवडीनं करा, म्हणाले. मी गोठा उघडला. अर्धा गोल तसाच होता. ती फळी काढून भिंतीला लावली, नवी बसवली. फाइल उघडली तशी पडद्यावर यादी आली, कुठली पोस्ट हवी म्हणून... मी 'तात्या' निवडलं.

कोरून झाल्यावर व्हर्नियरकडं हात गेला होता. तो ठेवला, पेटीतली पट्टी काढून लावली. रेघ रेघेवर आली. बरोबर हाय की, मी मोठ्यानं म्हणाले, आणि पट्टी परत ठेवली. पेटीचं झाकण मात्र लावलं नाही.