परित्राणाचा धागा

माझं काम रक्त काढण्याचं. अकोल्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये मी नऊ वर्षं कलेक्शनला आहे. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली, चिडलेली माणसं एकामागून एक खुर्चीत बसतात, बाही वर करतात आणि तोंड फिरवतात. काहींची नस दोरीसारखी वर आलेली असते, काहींची कितीही पट्टा आवळला तरी दिसत नाही. न दिसणाऱ्या नसा माझ्याकडं पाठवायच्या, असा आमच्या लॅबमध्ये अलिखित नियमच होता. मी डोळ्यांनी शोधायचेच नाही. तर्जनीचं टोक कोपराच्या खळगीत ठेवून हलकं दाबायचं. खालून एक लवचीक जागा बोटाला उलट दाबते, तीच नस. अभ्यासात मी बेताची, दिसायला चारचौघींसारखी आणि बोलण्याच्या बाबतीत तर आनंदच. पण या एका बोटाचा मला गर्व होता. त्यामुळं हात थरथरायला लागला तेव्हा माझ्याजवळचं होतं नव्हतं ते सगळंच गेलं, असं मला वाटलं.

ज्याच्यामुळं हे झालं, त्याची आणि माझी ओळख अमरावतीला लॅबचा कोर्स करताना झाली. आमचं लग्न होणार हे धरूनच आम्ही सहा वर्षं जगलो. सरकारी भरतीची परीक्षा दोघांनी सोबत द्यायची ठरवली. नोट्स मी काढायचे, त्याचा फॉर्मही मीच भरायचे, कारण त्याचा फोटो दरवेळी चुकीच्या मापाचा असायचा. पहिल्या दोन वेळा दोघंही राहिलो. तिसऱ्यांदा तो लागला आणि मी थोडक्यात राहिले. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण लॅबमध्ये पेढे मी वाटले. चार महिन्यांनी त्याचा फोन आला. घरच्यांनी नोकरीवाली मुलगी पाहिली होती आणि त्यालाही ती पसंत होती. मी काहीच बोलेना तेव्हा तो वैतागून म्हणाला, "तुह्यात पुढं जायची हिंमतच नाई. मी एकट्यानं किती दिवस ओढू तुले?" मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तो सोडून गेला याचा राग कधीच विझला, पण त्या "बरं"चा मला अजूनही राग येतो.

आठ-दहा दिवसांनी एक वृद्ध गृहस्थ आले. साधी, सोपी नस होती. मी सुई उघडली आणि माझा हात हलायला लागला. त्यांना चार वेळा टोचलं, हातावर निळी गाठ आली. त्यांची सून म्हणाली, "तुमाले येत नसीन तं दुसऱ्या कोनाले बोलवा ना." मग रोजच तसं व्हायला लागलं. शेवटी लॅबच्या मॅडमनी मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नाव, वय, काही खाऊन आलात का. त्यांनी ते प्रेमानं केलं, पण मला प्रत्येक सकाळी तेच वाक्य ऐकू यायचं: तुह्यात हिंमतच नाई. आधी ते त्याचं मत होतं, आता माझा हातच साक्ष द्यायला लागला होता.

जेवण सुटलं. खोलीवर कपडे तसेच पडून राहायचे. एका रविवारी सकाळी घरी, अमरावतीला निघाले. बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करायचं सोडून फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. समोरून दोन गाड्या न थांबता गेल्या. त्या दोन गाड्यांकडं मी कशा नजरेनं पाहत होते, ते आईला आजही सांगितलेलं नाही. मग आईचा फोन आला. भरली भेंडी केली आहे, दुपारी विहारात पाठ आहे, तिचा गुडघा दुखतो, सोबत चाल, एवढंच ती बोलली. मी उठले. भेंडीसाठी उठले की आईच्या गुडघ्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी एकदा देव सोडले ते सोडलेच. बुद्धाची मूर्ती आहे, पण तिच्यापुढं काही मागायचं नसतं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. माझी खोलीवरची मैत्रीण काही बिनसलं की देवीच्या देवळात जाऊन ओटी भरायची, पोटभर रडायची आणि परत येताना रसवंतीवर थांबायची. त्या दिवसांत मला तिचा फार हेवा वाटला. आपलं गाऱ्हाणं न्यायचं तरी कुठं, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "न्यायचं कायले? घेऊन बस." असल्या उत्तरानं कोणाचं समाधान होतं? माझं तर झालं नाही.

वर्षावासाचे दिवस होते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आमच्या वस्तीतल्या बाया रोज पांढरी साडी नेसून वंदनेला जातात. त्या दिवशी भन्तेजी, म्हणजे आमचे भिक्खू, रक्षणासाठी म्हणतात तो परित्राण पाठ होता. त्यात मूर्तीपासून एक पांढरा धागा निघतो, पाण्याच्या कलशाला गुंडाळला जातो आणि तिथून जमलेल्या सगळ्यांच्या हातांतून शेवटच्या माणसापर्यंत जातो. पाठ चालू असेपर्यंत तो धरून बसायचा. नंतर त्याचेच तुकडे मनगटावर बांधतात. मी मुद्दाम अगदी मागं, दाराशी बसले, म्हणजे उठून जाता येईल. पाठ सुरू होता होता एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. डोक्यावरून घट्ट पदर, आत केस नसावेत. हातावर काळेनिळे डाग. माझ्या नजरेला सवयच ती: चार ठिकाणी टोचलेलं, त्यातलं दोनदा चुकलेलं.

धागा माझ्यापर्यंत आला आणि हात थरथरायला लागला. माझ्या पुढचा सगळा धागाच हलायला लागला. पुढच्या दोघी-तिघींनी मागं वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धागा खाली ठेवायला गेले, तेवढ्यात त्या बाईंनी माझ्या मनगटाखाली आपला हात धरला आणि पाठाच्या आवाजात हळूच म्हणाल्या, "सोडू नोको." मी म्हटलं, "हात कापतोय." त्या म्हणाल्या, "कापू दे. धाग्याले काय मालूम कोनाचा हात कापते." पाऊण तास मी तशीच बसले. हात थांबला नाही. पण कितीतरी दिवसांनी मी तो पदराखाली न लपवता सगळ्यांसमोर थरथरू दिला. रडू येत होतं, तेही येऊ दिलं.

पाठ संपल्यावर कळलं की त्या आमच्या गल्लीतल्या कुंदाताईच्या आई. मग मी त्यांना मावशीच म्हणायला लागले. चांदूर रेल्वेला राहायच्या, आता कॅन्सरच्या उपचारासाठी लेकीकडं आलेल्या. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध आणि त्याच्या आधी रक्ततपासणी. नसा त्या औषधानं कडक होऊन गेलेल्या. मी काय करते असं त्यांनी विचारलं, तर आईनं मधेच सांगून टाकलं, "रक्त काढते. म्हंजे, काढे."

"मंग तं तू माही दुश्मनच झाली," मावशी हसल्या. "उद्या माहं रक्त द्याचं हाय. दवाखान्यातल्या पोरी मले पायलं का पयतात. तूच ये."

मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पायला ना तुहा हात. माह्या नसा पयतात, तुहा हात कापते. पाहू कोन हारते."

रात्रभर मी आईला, मावशीला आणि स्वतःला बोल लावत होते. सकाळी कामावर रजा कळवली आणि ओळखीच्या लॅबमधून सुया आणि ट्यूब घेऊन गेले. मावशी खाटेवर हात पसरून तयारच होत्या. पहिल्यांदा टोचलं ते चुकलं. मी सुई काढली, कापूस दाबला आणि सामान आवरायला लागले. मावशी म्हणाल्या, "एक झालं. पाचाची सवय हाय मले. बस खाली." मी बसले. त्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "डोये कायले एवढे फाडून राहिली? काय दिसते त्याच्यात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात बिघडल्यापासून मी बोटानं शोधतच नव्हते. डोळे ताणून नस बघत होते, आणि माझी नजरही माझी नव्हती. हिला जमतं की नाही हे बघणारं कुणीतरी सतत माझ्या खांद्यावरून वाकलेलं होतं. मी डोळे मिटले. मावशीच्या अंगठ्यामागं, मनगटाच्या बाजूला बोट ठेवलं. कातडी कागदासारखी झालेली. बराच वेळ काही नाही. मग अगदी खोल, एका बारीक जागेनं बोटाला उलट दाबलं. हात तेव्हाही थरथरत होता. मी त्याला थांब म्हटलं नाही. सुई आत गेली आणि ट्यूबमध्ये रक्त यायला लागलं. त्या क्षणी मी प्रार्थना केली नव्हती, कुणाची आठवणही काढली नव्हती. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. रक्त आलं, एवढंच मला माहीत आहे. मावशीनं तोंडानं च्यक् केलं आणि म्हणाल्या, "हारली ना मी."

पुढं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मॅडमकडं जाऊन "मला परत कलेक्शनला बसू द्या" म्हणायला मला पंधरा दिवस लागले. त्यांनी दुपारची, कमी गर्दीची वेळ दिली. कधी जमायचं, कधी नाही. श्रावणात एकदा कामावरच मोबाईलवर त्याच्या साखरपुड्याचा फोटो दिसला. समोर एक बाई बाही वर करून बसलेल्या. हात लटलट कापायला लागला. पूर्वीची मी असते तर तशीच सुई खुपसली असती. त्या दिवशी मी म्हटलं, "ताई, माझा हात कापतोय. दोन मिनिटं थांबता का?" त्या म्हणाल्या, "थांबते की, मले कुठं जायाचं हाय." मी आत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि येऊन एका टोच्यात रक्त काढलं. सहा वर्षांत त्याच्यासमोर मला जे "थांब" म्हणता आलं नाही, ते मी एका अनोळखी बाईला म्हणू शकले.

दर तीन आठवड्यांनी मी अमरावतीला जायचे, मावशीसाठी. नसा एकेक करून मिटत होत्या. मनगटावरची गेली, मग पंजाची, मग पायाची. मावशी वाळत गेल्या, पण थट्टा सुटली नाही. आश्विन पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी कुंदाताईचा फोन आला. मावशी दवाखान्यात होत्या, रक्त निघत नव्हतं, आणि त्या माझंच नाव घेत होत्या.

मी पोचले तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. मी बसले, डोळे मिटले, दोन्ही हात चाचपले, दोन्ही पाय चाचपले. पुन्हा एकदा चाचपले. बोटाला कुठूनच काही उत्तर आलं नाही. कुंदाताई माझ्याकडं अशी पाहत होती की मला एकदा तरी टोचून बघावंसं वाटलं, तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्या नावासाठीही. मी सुई परत ठेवली. उठून डॉक्टरांकडं गेले. आयुष्यात मी डॉक्टरांसमोर "हो सर" याच्यापलीकडं बोललेली नाही. मी म्हटलं, "सर, नस राहिली नाही. या तपासणीवर आता काही अडलेलं नसेल तर त्यांना टोचू नका." त्यांनी केसपेपर चाळला. मग म्हणाले, "नाही अडलेलं. राहू द्या."

परत येऊन मी मावशीचा हात हातात घेऊन बसले. त्यांच्या मनगटावर पाठाचा धागा होता, मळून करडा झालेला, माझ्याही होता. थोड्या वेळानं कुंदाताई घाबरून म्हणाली, "आईचा हात काहून कापून राहिला वं?" मावशीचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. "माहा नाई. तिचा व्हय. कापू दे."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

"बुद्धं सरणं गच्छामि" मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे. शरण जाणं म्हणजे हरणं, असंच मला वाटायचं. आता वाटतं, माझा हात जसा आहे तसा सगळ्यांसमोर धाग्यावर ठेवला तो पाऊण तास, तेवढीच मी आयुष्यात खरी शरण गेले. सहा वर्षं त्यानं मला ओढलं की मी त्याला, हा हिशेब मी सोडून दिला. बडनेऱ्याच्या बाकावरून मला कोणी उठवलं, मावशीला उशीर होऊन माझ्याच शेजारी कोणी बसवलं, हे मी विचारत नाही. उठले, आणि त्या बसल्या, याबद्दल मी कृतज्ञ आहे. कोणाप्रती, ते मला ठाऊक नाही. म्हणून रोज सकाळी पहिली सुई उघडण्याआधी मी नुसते हात जोडते.

आज सकाळीही हात थरथरला. समोर एक कॉलेजची मुलगी होती, घाबरलेली, तिचाही हात थरथरत होता. मी तिच्या मनगटाखाली हात धरला आणि डोळे मिटले.