सरकारनं निवडलेलं रक्त

पोशेऱ्याच्या धोंडीबाईसारखी धट्टीकट्टी बाई अख्ख्या मोखाड्यात नव्हती म्हणा ना! लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन घाट चढायची आणि वर तोंडाची टकळी चालूच. दुःख एकच. थोरली भागी तेवढी जगली. पाठची लेकरं जन्मली की पिवळी पडायची आणि जायची.

जव्हारचं संस्थान विलीन झालं, सडकेवर मोटारी दिसू लागल्या, त्या दिवसांत मुंबईचे डॉक्टर खोडाळ्याच्या बाजारात आले. धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं होतं त्यांना. सुई बघून बाजार पांगला. धोंडीबाईनं मात्र हात पुढे केला. पुढच्या बाजाराला डॉक्टर पुन्हा हजर, तिलाच शोधत. "मावशी, तुमचं रक्त वेगळं आहे. अजून थोडं द्याल?"

झालं! बाई पाड्यावर मिरवू लागली, "सरकारनं निवडलंय माझं रगत!"

पुढे भागी माहेरी बाळंत झाली. पोर टणटणीत, पण भागीचा रक्तस्राव थांबेना. गड्यांनी झोळीतून तिला सडकेला आणलं, लाकडाच्या ट्रकात निजवलं. धोंडीबाईचा भाऊ मंगळू म्हणाला, "डागदर रगत मागल, बाय. आम्ही येतो."

"तुमचं पेजेचं रगत कोन घेतो? जा, लावणी खोळंबलीय. मी हाय ना!"

गडी हसत परतले.

जव्हारच्या दवाखान्यात ती दंड उघडा करूनच बसली. डॉक्टरांनी काचेवर दोघींचं रक्त तपासलं. नासलेल्या दुधासारखे कण झाले.

"मावशी, तुमची लेकरं पिवळी पडून गेली का?"

तिनं मान डोलावली.

"त्यांच्याशी तुमचं रक्त भांडलं. भागीच्या रक्ताशीही भांडेल. हे देता येणार नाही."

"अहो, मला काय झालंय? धडधाकट हाय मी!"

"तुम्हाला काहीच नाही. सोसायचं तिला आहे. दुसरं कुणी आणा, लवकर."

डॉक्टरांचं जुळेना, कंपाउंडरचं जुळेना. पाड्यावर निरोप द्यायला ट्रकवाला उलटा धावला. धोंडीबाई भागीचे तळपाय चोळत राहिली. चोळता चोळताच ते गार पडले.

मंगळू गड्यांना घेऊन धापा टाकत आला. पोटऱ्यांवर शेतातला चिखल तसाच. आत काय झालं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाह्या वर सारून सगळे व्हरांड्यात रांगेनं उभे राहिले.

धोंडीबाई बाहेर आली. एकेकापुढे थांबून बाही खाली ओढत गेली.