आधीच धुतलेले पाय

साळवे सिस्टर माणसाचे आधी पाय बघत, चेहरा नंतर. सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं ड्रेसिंग केल्यावर जडलेली खोड. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा नमस्काराच्या आधी ऐकलं, "प्रोफेसर, टाच फाटली आहे. इतिहास नंतर सांगा, पहिले चप्पल बदला."

ग्वाल्हेरातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची आम्ही तीसेक माणसं यरुशलेमला 'अभ्यास-तीर्थयात्रे'ला गेलो होतो. अभ्यास म्हणजे रोज संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र. व्याख्यानात सिस्टर उघडपणे डुलक्या घेत. "मला फक्त प्रभूची कबर बघायची आहे," त्या म्हणायच्या. "नर्सिंगला लागले तेव्हापासून मनात आहे. बाकी तुमचं चालू द्या." कबरीची भेट पाचव्या दिवशी सकाळी ठरली होती.

चौथ्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये पाय धुण्याचा विधी. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे पाळकसाहेब बारा जणांचे धुणार. पितळी परात ग्वाल्हेरहून आणली होती, फोटोग्राफर तिथलाच. या विधीला आमच्याकडे सगळे घरूनच पाय धुवून येतात, काही जण तर सुगंधी साबणाने. नम्रतेला घाण सोसत नाही.

शांतवनकाका मात्र पाय लपवून आले होते. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला हा मधुमेही म्हातारा दोन दिवस लंगडत होता आणि विचारलं तर "कुछ नहीं, बूट नवा आहे" म्हणत होता. खुर्चीत बसून त्यांनी मोजा काढला. अंगठा काळा पडला होता. वास हॉलभर गेला.

पाळकसाहेब परातीपाशी थबकले. मग मधाळ आवाजात म्हणाले, "काका, आपण जरा मागे आराम करा." खुर्ची रिकामी झाली. त्यांनी मला खूण केली आणि मी बसलो. जन्मभर असल्या थाटाची टिंगल करणारा मी, एका खुणेवर मोजे काढून बसलो. तो फोटो आहे. त्यात मी प्रसन्न दिसतो, आणि त्या प्रसन्न चेहऱ्याला थोबाडावं असं मला आजही वाटतं.

सिस्टर उठल्या. "साहेब, धुण्यासारखा एकच पाय आला होता. तो तुम्ही मागे पाठवलात."

"सिस्टर, प्रसंग पवित्र आहे. दवाखान्याचं परवा बघू."

"परवा पाय राहणार नाही. याला परात नको, सर्जन हवा. आत्ता."

"मेरी वजह से सबका प्रोग्राम..." काका पुटपुटले.

"चुप बसा, काका. बूट हातात घ्या."

दोघं टॅक्सीनं गेले. मागे विधी पूर्ण झाला.

काकांची दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. काकांना हिंदी-मराठीपलीकडे काही येत नव्हतं, म्हणून परतीच्या दिवसापर्यंत सिस्टर त्यांच्या खाटेपाशी बसून राहिल्या. आम्ही कबर बघितली. प्रमाणपत्रं दोघांना सोडून सगळ्यांना मिळाली. त्यांची उपस्थिती अपुरी होती.

परत आल्यावर मी सिस्टरांच्या घरी जाऊन म्हटलं, "सिस्टर, तुमचा त्याग..."

"त्याग कसला डोंबलाचा? माझं हुकलं." त्यांचा आवाज चढला. "तुमच्यातल्या एकानं अर्धा दिवस काकांपाशी बसायचं होतं. मी जाऊन आले असते. तीस लोक होते, प्रोफेसर! कोणी विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी चहा मात्र दिला, साखर न घालता.

या जानेवारीत सिस्टर गेल्या. अंत्यविधीला पाळकसाहेब सद्गदित झाले. "आपल्या सिस्टरने पवित्र कबरीचं दर्शन स्वखुशीनं प्रभूला अर्पण केलं," ते म्हणाले. मंडळी आमेन म्हणाली. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी गीतांच्या पुस्तकाची पानं चाळत राहिलो.

शेजारी शांतवनकाका काठी टेकत उभे राहिले.

"साहेब, हे झूठ आहे. सिस्टरला जायचं होतं."

पाळकसाहेबांनी घसा साफ करून गीताचा क्रमांक सांगितला, आणि आम्ही सगळे उभे राहून गायलो. मीही.