लिमये काकूंच्या पत्त्यावरून गेलेली मेल

गायकवाड काका मंगळवारी गेले. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पाच वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिलो. आता इथे लिहितोय. स्वतःचाच इतका राग कधी आला नव्हता.

काका आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि महिन्याभरात त्यांनी कॉम्प्युटर घेतला.

तेव्हा आमच्याकडे निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत. आई-वडिलांना माउस धरता येत नाही.

मग काकांनी सगळ्यांची अकाउंट्स आपल्या मेल प्रोग्रॅममध्ये घेतली. स्वतःचं, सोसायटीचं आणि तीन शेजाऱ्यांची. मेल आली की प्रिंट काढायची आणि ज्याची त्याला नेऊन द्यायची. उत्तर ते सांगतील तसं टाइप करायचं. एका बोटानं, रोमन लिपीतलं मराठी.

सेटिंग करून द्यायला मी. घरचा आयटीवाला.

मी हडपसरला मीटिंगमध्ये असलो की हमखास फोन.

"मंदार, कुलकर्ण्यांची मेल माझ्या नावानं गेली रे."

"काका, पाठवायच्या आधी वर फ्रॉम लिहिलंय तिथे बघायचं. कुणाच्या अकाउंटवरून जातेय ते."

"बघितलं की."

"मग गेली कशी?"

"ते तू सांगायचंस. आयटीत तू आहेस."

वैताग यायचा. खरंच यायचा.

शेवटचं अकाउंट आलं तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकूंचं. लिमये काका गेल्यावर त्या एकट्या. मुलगा समीर, अमेरिकेत.

लिमये आणि गायकवाड यांची ओळख तोवर जिन्यात मान हलवण्यापुरती. काकूंची मान जरा कमीच हलायची. गायकवाडांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे, काकू दारातूनच बोलून परत जायच्या.

समीरच्या मेलसाठी त्या पहिल्यांदा आत येऊन बसल्या. मग रोज चारच्या चहाला येऊ लागल्या. गायकवाड काकूंशी त्यांची इतकी गट्टी जमली की मेल नसली तरी यायच्या.

पुढे लिमये काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी बजावलं, "समीरला कळवायचं नाही. येणार तर नाहीच, उगाच कारणं ऐकायला नकोत."

गायकवाड पती-पत्नी दिवसभर हॉस्पिटलमध्ये बसले. घरी आल्यावर काकांना राहवलं नाही. त्यांनी समीरला मेल लिहिली:

"चि. समीर, आज तुझ्या आईचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर नातेवाइकाची सही मागितली, ती मी केली. नातं विचारलं, तिथे शेजारी असं लिहिलं. वाचून तुला काय वाटतं ते बघ. – गायकवाड, दुसरा मजला."

स्वतःच्या नावानं लिहिली. गेली लिमये काकूंच्या पत्त्यावरून.

समीरचा लगेच फोन. "आई, आता माणसं बसवून माझ्याविरुद्ध मेल लिहून घेतेस?"

दुसऱ्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या लिमये काकू खाली आल्या. मी तिथेच होतो, काकांनीच बोलावून घेतलं होतं.

"गायकवाड, तुम्ही माझ्या नावानं मुलापुढे हात पसरलात."

"अहो, मी माझ्या नावानं पाठवली होती."

"मग माझा पत्ता कसा गेला त्यावर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मंदार, बघ रे. मी कुठे चुकलो?"

मी बघितलं. एका मिनिटात कळलं.

काकूंचं अकाउंट जोडताना टेस्ट मेल पाठवायला मीच ते डीफॉल्ट केलं होतं. परत बदलायला विसरलो. त्यामुळे नवी मेल उघडली की ती आपोआप काकूंच्या पत्त्यावरून जात होती.

आणि मी म्हणालो, "काका, किती वेळा सांगितलं, फ्रॉम बघत जा म्हणून."

बोलता बोलता गुपचूप सेटिंग बदललं.

का? ऑफिसचा ताप होता, उशीर होत होता, त्यांच्या रोजच्या फोनचा कंटाळा आला होता. ही सगळी कारणं खरी आहेत. एकही पुरेसं नाही.

काका एवढंच म्हणाले, "माझं चुकलं, लिमये बाई."

काकू वर गेल्या, त्या परत कधी आल्या नाहीत.

आठवड्यानं काकांनी सगळ्यांची अकाउंट्स काढून टाकली. "दुसऱ्याच्या पत्राला हात लावण्याइतकं आपल्याला जमत नाही," म्हणाले. कुलकर्णी आजोबा सत्तराव्या वर्षी सायबर कॅफेत जाऊ लागले.

पाच वर्षं एकाच जिन्यानं जा-ये. काका बाजूला होऊन काकूंना वाट द्यायचे. कुणी बोलायचं नाही.

आणि मी दोघांनाही गुड मॉर्निंग म्हणायचो.

मंगळवारी गायकवाडांकडे बुद्धवंदना चालू असताना लिमये काकू जिन्यात उभ्या होत्या. उंबरठ्याच्या आत आल्या नाहीत.

काल मी त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. डीफॉल्ट म्हणजे काय, तेही समजावलं.

काकू म्हणाल्या,

"मला तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस असं मुद्दाम करणार नाही."

मी चिडलोच. "मग बोलला का नाहीत काकू? पाच वर्षं?"

"तू का नाही बोललास?"



त्यांनी चपला घातल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. मी सोबत निघालो, तर म्हणाल्या, "तू नको."

दार गायकवाड काकूंनी उघडलं. वर उभ्या उभ्या मला फक्त रडणं ऐकू आलं. दोघींचं.

काका, तुम्ही कुठेच चुकला नव्हतात.

शेवटचा जय भीम.