ट्रेनीला काम देऊ नका

“मॅडम, पोरगी हुशार आहे. नुसती बसवून ठेवून तिचं काय लोणचं घालू?”

खानविलकर माझ्या केबिनच्या दारात उभे होते. ते आमचे डिझाइन हेड, मूळचे चिपळूणचे. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या कंपनीत एसी डक्टिंगची, म्हणजे इमारतीत थंड हवा फिरवणाऱ्या पत्र्याच्या मार्गांची, ड्रॉइंग्ज त्यांच्या हाताखाली तयार होतात. मी तिथली एचआर मॅनेजर. आणि पोरगी म्हणजे ऋजुता, आमची नवी ट्रेनी.

ऋजुता रत्नागिरीची. मामा ओमानमध्येच, सोहारच्या ॲल्युमिनियम प्लांटमध्ये, म्हणून ती मस्कतच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला आलेली, स्टुडंट व्हिसावर. शेवटच्या सेमिस्टरला बाहेरच्या कंपनीत ट्रेनिंग केल्याशिवाय तिला डिग्री मिळणार नव्हती.

इथला नियम सरळ आहे. ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा, तो तुमचा स्पॉन्सर, आणि काम त्याच्याकडेच करायचं. विद्यार्थ्याचा स्पॉन्सर कॉलेज. त्यामुळे ऋजुता आमच्याकडे यायची ती कॉलेजच्या पत्रावर, रीतसर मंजुरी घेऊन, फक्त शिकायला. शिकताना दिसली तर ट्रेनी. राबताना दिसली तर बेकायदा कामगार. आम्हाला दंड झाला असता तर आम्ही तो मुकाट भरला असता. पण तिचं ट्रेनिंग रद्द, डिग्री लटकलेली, वर व्हिसाची भानगड. चार वर्षांवर पाणी. मला धास्ती होती ती त्याची.

“बसवू नका, शिकवा,” मी म्हटलं.

“अहो, शिकवायचं तर काम द्यायला नको? दोन्हीत फरक काय?”

“तिचं ड्रॉइंग क्लायंटकडे गेलं तर काम. केराच्या टोपलीत गेलं तर शिक्षण.”

खानविलकरांनी कपाळाला हात लावला. पण माणूस शब्दाला पक्का. आम्ही आधीच पुऱ्या केलेल्या प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज ते तिच्याकडून नव्याने करून घेत, लाल पेनाने रंगवत आणि टोपलीत टाकत. “सोन्यासारखं काम फेकायला लावलंत तुम्ही,” हे रोज मला ऐकवत. ऋजुताला मात्र गंमत वाटायची. माझी इतकी ड्रॉइंग्ज फुकट गेली की मी आता तयार झाले, म्हणायची.

मग एका सकाळी लेबर इन्स्पेक्टर आले.

इन्स्पेक्टर कळवून येत नाहीत. त्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी बँकेत गेलेली, पॅन्ट्रीवाला सुट्टीवर. मी फोन संपवून बाहेर आले तर पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, एक ओमानी गृहस्थ सोफ्यावर बसलेले, गळ्यात सरकारी ओळखपत्र. समोर पाण्याचा ग्लास आणि खजुराची बशी. आणि दाराजवळच टेबल असलेली आमची ऋजुता थर्मासमधून त्यांच्या कपात कहवा, म्हणजे इथली वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी, ओतत होती, तोंड भरून हसत.

मी घाईने पुढे झाले.

“ये इधर काम करता?” त्यांनी मला विचारलं. इथल्या बऱ्याच ओमानी लोकांना कामापुरतं हिंदी येतं.

“नो सर, ट्रेनी. कॉलेज से आई है.”

“ट्रेनी? ट्रेनी कहवा देता?”

मी धावत जाऊन फाइल आणली. त्यांनी कॉलेजचं पत्र वाचलं, मंजुरी वाचली, ट्रेनिंगचा प्लॅन वाचला. एव्हाना खानविलकरही बाहेर येऊन भिंतीला टेकले होते आणि ओठ हलवत बहुधा गणपतीला साकडं घालत होते.

“पेपर सही है,” इन्स्पेक्टर म्हणाले. “लेकिन पेपर में इंजिनिअर का ट्रेनिंग लिखा. मैं आँख से देखा, ये ऑफिसबॉय का काम करता.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि ऋजुताकडे वळले. “किसने बोला कहवा देने को? मॅडम?”

ऋजुताचं हसू मावळलं होतं. “किसी ने नहीं, सर. आप आए, कोई नहीं था. हमारे घर में मेहमान आता है तो जो दरवाज़े के पास बैठा है, वो पानी देता है.”

“पानी ठीक. ये क्या?” त्यांनी कपाकडे बोट दाखवलं. तो बिनकानाचा इवलासा कप काठोकाठ भरला होता. उचलला असता तर दिशदाशावर सांडला असता.

“कहवा, सर.”

“इतना फुल क्यों?”

“आधा कप दूँगी तो मेरी आई मारेगी, सर.”

मग ते जे हसायला लागले, ते डोळे पुसेपर्यंत.

कहवा कपाच्या तळाशी थोडासाच ओततात, आणि पाहुणा कप हलवून “बस” म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा ओततात. भरलेला कप म्हणजे, प्या आणि निघा. आमच्या ट्रेनीने सरकारी माणसाला आल्या आल्या दार दाखवलं होतं.

“ये इधर काम नहीं करता,” ते मला म्हणाले. “काम करता तो पहला दिन सीख जाता.”

त्यांनी दुसरा कप घेतला, बोटभर कहवा ओतला आणि ऋजुताच्या हातात दिला. “ऐसे. आज का ट्रेनिंग खलास.” मग आवाज बदलून मला म्हणाले, “इसका टेबल दरवाज़े से अंदर लो. दुबारा देखा तो मैं लिखेगा.”

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला रडूच आलं. ऋजुता पाणी घेऊन आली. “बस खाली!” मी ओरडले.

तिचं टेबल आम्ही तासाभरात आत हलवलं. ट्रेनिंग सुरळीत पार पडलं, डिग्री मिळाली. आता प्रत्येक नव्या ट्रेनीला मी पहिल्याच दिवशी बजावते की पाहुणा आला तर जागेवरून उठायचं नाही. सगळे माना डोलावतात. आजवर आपल्याकडच्या एकाही पोराला ते जमलेलं नाही.