आठ वाट्या, आठ वाल्व्ह

रॉकेलचा वास आला की चारकोपचा आमचा हॉल आठवतो. तिथे नवरा सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधत होता. केमोमुळे हातात जोर नव्हता, तरी त्याने आठ वाल्व्ह आपापल्या जागेवर घट्ट बसतील असे घासून माझ्या आठ वाट्यांत क्रमाने ठेवले. पूजेला वाट्या हव्यात म्हणून मी सगळे वाल्व्ह एका पातेल्यात ओतले. "वाट लावलीस गं. कुठला कुठे बसायचा, कसं कळणार आता?" "सांगायचं ना आधी." "पुन्हा घासायला हवेत. माझ्याने नाही होणार." मग नऊ दिवस तो खुर्चीतून सांगत गेला, मी घासत गेले. खाली गाडीत बसवलेलं इंजिन सुरू झालेलं त्याने खिडकीतून ऐकलं. पुढच्या महिन्यात तो गेला. मी सॉरी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. त्या नऊ दिवसांइतकं आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो.